नंदनवनाचा आराखडा आणि खोटा काटा : चीनची 'मोठी झेप' (१९५८–६२)

मोजमाप (धागाकर्ता)

'आदर्श समाजाची स्वप्नं धोक्याची असतात' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. स्वप्न कोणत्या पायरीवर माणसं मारायला लागलं, ते कुणी सांगत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते उलगडू या: चीनची १९५८ ते ६२ची 'मोठी झेप'.

थोडक्यात पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९५७मध्ये माओंनी मॉस्कोत जाहीर केलं की पोलादात चीन पंधरा वर्षांत ब्रिटनला मागे टाकेल. एप्रिल १९५८मध्ये हनान प्रांतातल्या सुइपिंग तालुक्यात पहिलं मोठं 'कम्यून' उभं राहिलं. त्याला रशियाच्या उपग्रहावरून 'स्पुटनिक' नाव दिलं. त्या वर्षअखेरपर्यंत सात लाखांहून जास्त सहकारी संस्था विलीन करून साधारण २६ हजार कम्यून झाली आणि जवळपास सगळी ग्रामीण कुटुंबं त्यांत आली. एका कम्यूनमध्ये सरासरी पाच हजार घरं. जमीन, बैल, अवजारं आणि पुढे चूलसुद्धा सामाईक.

पुढच्या चार वर्षांत भुकेने किती मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. बरेच लोकसंख्यातज्ज्ञ तीन कोटींच्या आसपास थांबतात.

'माओ क्रूर होता' किंवा 'साम्यवाद वाईट' एवढ्यावर धागा आटोपू नका ही विनंती. शेती, धातू, धान्यखरेदी यांतल्या जाणकारांनी नेमकं काय बिघडलं ते लिहावं.

---

काळी माती

शेतीपासून सुरुवात करतो, कारण खोट्याची पहिली पेरणी तिथेच झाली.

त्या वेळच्या सरकारी 'आठ सूत्रां'त माती, खत, पाणी, बियाणं, दाट लावणी, पीकसंरक्षण, निगा आणि अवजारं एवढं होतं. वाचायला एकही सूत्र चुकीचं नाही. कोणताही कृषी सहायक आजही हीच यादी देईल. घोळ झाला तो 'दाट लावणी' आणि 'माती'खाली येणारी 'खोल नांगरट' यांच्या प्रमाणात.

दाट लावणीमागे सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ लायसेन्कोचं मत होतं: एकाच जातीची रोपं आपसात स्पर्धा करत नाहीत, उलट एकमेकांना साथ देतात. वर्गबंधुत्वाचा सिद्धांत भाताच्या वाफ्यात लावला, एवढाच त्याचा अर्थ. दक्षिण चीनमध्ये हेक्टरी साधारण १५ लाख रोपं हा रिवाज होता. १९५८मध्ये ६० ते ७५ लाख लावायला सांगितली आणि पुढच्या वर्षी त्याच्याही दुप्पट.

आपल्याकडे २० बाय १५ सें.मी.वर, एका चुडात दोन-तीन रोपं लावतात. त्याचं कारण असं. रोपाला जागा मिळाली की ते फुटवे काढतं आणि लोंब्या त्या फुटव्यांवर येतात. जागा नाही मिळाली तर फुटवा नाही, रोप नुसतं उंच आणि लेचंपेचं होतं. वरच्या पानांनी ऊन अडवलं की खालची पानं अन्न करत नाहीत, उलट श्वसनात खर्चच करतात. हवा खेळत नाही, दमट राहतं, करपा आणि खोडकूज येते. मग वाऱ्याची एक झुळूक पुरे, पीक आडवं. वर हे विसरू नका की चौपट लावणीला बियाणंही चौपट लागतं, आणि ते बियाणं म्हणजे खायचंच धान्य.

खोल नांगरटीचंही तसंच. नेहमीची नांगरट १५-२० सें.मी. हुकूम निघाला एक फुटाहून खोल जाण्याचा. चढाओढीत काही गावांनी माणसं लावून तीन-चार फूट खणलं. सेंद्रिय अंश वरच्या वीतभर थरात असतो. खालची निर्जीव माती वर आली की पुढची काही वर्षं ते रान काही देत नाही. जिथे खाली घट्ट थर आहे तिथे एकदा खोल नांगरून फायदा होतो हे खरं आहे. पण प्रत्येक शेताला एकच माप लावलं, तिथे गाडं अडलं.

---

मोजमाप

+१. विक्रमी उत्पादनाच्या बातम्यांबद्दलही लिहा ना. लोक 'स्पुटनिक सोडणे' म्हणायचे ते.

---

काळी माती

ऑगस्ट १९५८मध्ये पक्षाच्या मुखपत्रात बातमी आली: हुबेई प्रांतातल्या माचंगला भाताचं उत्पादन एका मूला ३६,९५६ जिन. सप्टेंबरमध्ये ग्वांग्शीतल्या हुआनजियांगने १,३०,४३४ जिन जाहीर केलं. एक जिन म्हणजे अर्धा किलो, एक मू म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे. आपल्या हिशेबात मांडा: माचंग एकरी १,१२० क्विंटल, हुआनजियांग एकरी ३,९०० क्विंटलच्या वर. आज चांगल्या वाणाला, चांगल्या पाण्यावर एकरी २५-३० क्विंटल मिळाले तर शेतकरी खुश असतो.

हे खोटं आहे हे कागदावरच कळतं. हुआनजियांगचा आकडा म्हणजे दर चौरस मीटरला ९८ किलो भात. एका किलोत साधारण १५ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर दीड हजार मेगाज्यूलच्या आसपास. चार महिन्यांत त्या एका चौरस मीटरवर पडणारं सगळं ऊन मिळून होतं दोन हजार ते बावीसशे. म्हणजे पडलेल्या उन्हाचा दोन-तृतीयांश भाग नुसत्या दाण्यात उतरला पाहिजे. पेंढा आणि मुळं वेगळीच. शेतातलं खरं पीक उन्हाचा एक-दोन टक्के भाग साठवतं.

करायचे कसे? दहा-बारा शेतांतलं पिकत आलेलं भात मुळासकट उपटून एका वाफ्यात खेटून उभं करायचे. गुदमरून सडू नये म्हणून पंख्याने वारा घालायचे. मग पाहुणे येणार, फोटो निघणार, पिकावर पोरं उभी करून दाखवणार. ज्या शेतांतून उपटलं तिथला हिशेब कुणी विचारत नसे.

---

शंकेखोर

म्हणजे तिथे एकही शहाणा नव्हता म्हणायचं का? इतक्या मोठ्या देशात कृषिशास्त्रज्ञ होते की. त्यांनी हे गणित केलं नाही?

---

काळी माती

गणित झालं होतं, तेच तर दुखणं. छ्यान श्वेसन हे अमेरिकेत शिकलेले, पुढे चिनी क्षेपणास्त्रांचे जनक मानले गेलेले शास्त्रज्ञ. त्यांनी जून १९५८मध्ये युवकांच्या वर्तमानपत्रात लिहिलं की पिकाने जमिनीवर पडणाऱ्या उन्हातलं ३० टक्के वापरलं, तर मूला दोन हजार जिनच्या वीसपट उत्पादन निघू शकतं. गुणाकार बरोबर आहे. '३० टक्के वापरलं तर' हा 'तर' कुठून आणला ते विचारायचं होतं, आणि जे विचारू शकले असते ते १९५७च्या उजवेविरोधी मोहिमेत नुकतेच झोडपले गेले होते. साडेपाच लाखांच्या आसपास शिकलेल्यांना 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवून कामावरून काढलं होतं, कित्येकांना श्रमछावण्यांत धाडलं होतं. क्रम लक्षात घ्या: आधी हरकत घेणारे गेले, मग योजना आली.

---

ओतकाम

परसातल्या भट्ट्यांबद्दल मी लिहितो. त्यावर 'भांडी वितळवली' एवढंच वाचायला मिळतं.

१९५७चं पोलाद उत्पादन ५३.५ लाख टन. ऑगस्ट १९५८च्या बैठकीत त्या वर्षाचं लक्ष्य दुप्पट केलं: १ कोटी ७ लाख टन. वर्षाचे चारच महिने उरलेले. नवे कारखाने चार महिन्यांत होत नाहीत, म्हणून सुमारे ९ कोटी माणसं लावून गावोगाव लाखो भट्ट्या पेटवल्या.

लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन काढायला कोळशाचा कार्बन लागतो. आधुनिक झोतभट्टीत कोक (भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा), खनिज आणि चुनखडी थरांनी भरतात आणि खालून गरम हवेचा झोत मारतात. तळाला तापमान दीड हजार अंशांच्या आसपास जातं. त्यातून निघतं ते पोलाद नसतं, ते बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) असतं. त्यात कार्बन चारेक टक्के, पडलं की फुटतं. तो कार्बन एका टक्क्याच्या खाली आणायला वेगळी भट्टी आणि वेगळं कसब लागतं. ही दुसरी पायरी गावातल्या भट्टीत शक्यच नव्हती. अहवालात मात्र सगळ्याचं नाव 'पोलाद'.

बीडही नीट का झालं नाही, तर चार गोष्टी. कोक नव्हता, म्हणून कच्चा दगडी कोळसा जाळला. त्यातलं गंधक लोखंडात उतरलं आणि असं लोखंड तापवून ठोकायला गेलं की तुकडे पडतात. चुनखडी नव्हती किंवा तिचं प्रमाण कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे स्लॅग (खनिजातला वितळलेला मळ) पातळ होऊन वेगळा झाला नाही, लोखंडातच अडकला. भात्याने किंवा हाताने फिरवायच्या पंख्याने झोत पुरेना, म्हणून माल अर्धवट वितळून गोळा व्हायचा. आणि भट्टी साध्या विटामातीची. फायरब्रिकशिवाय आतलं अस्तरच वितळून मालात मिसळतं.

जिथे दगडी कोळसा नव्हता तिथे झाडं तोडली. लाकडाचा कोळसा करताना वजनाचा चौथा-पाचवा भाग उरतो आणि अडाणी भट्टीला टनभर लोखंडाला दोन टन कोळसा सहज लागतो. म्हणजे टनामागे आठ-दहा टन लाकूड. नंतर दारं-खिडक्या, पेट्या, असं करत गेले.

सगळ्यांत मूर्खपणा कढयांचा. चिनी कढई पातळ ओतीव बिडाची असते. म्हणजे जे बनवायचं होतं ते आधीच बनून स्वयंपाकघरात टांगलेलं होतं, तेही चांगल्या कारागिराने केलेलं. ते वितळवून त्याहून वाईट बीड काढलं, वर सरपण जाळलं.

लहान भट्टी म्हणजे वेडेपणा, असा मात्र अर्थ काढू नका. आपल्याकडे मध्य प्रदेशात मंडल्याच्या बाजूचे अगरिया आदिवासी मातीच्या छोट्या भट्टीत लोखंड करतच होते. ते लोखंड वितळवत नाहीत. बाराशे अंशांच्या आतबाहेर स्पंजासारखा गोळा मिळतो, तो तापवून ठोकून स्लॅग पिळून काढतात. खुरपी, कुऱ्हाडी त्याच्याच. चीनच्या काही डोंगराळ भागांतही पिढीजात कारागीर होते आणि त्यांच्या भट्ट्यांतून बरा माल निघाला. कसब शिकायला वर्षं लागतात, ते फर्मानाने नऊ कोटींना येत नाही.

वर्षअखेर जाहीर झालं १ कोटी ११ लाख टन. त्यातलं ३० लाख टन कामाचं नव्हतं, हे पुढे त्यांनीच मान्य केलं.

---

जमाखर्च

ओतकाम, उत्तम प्रतिसाद. पण नुसती भट्टी माणूस मारत नाही. भट्टीने दोन गोष्टी केल्या. एक, १९५८चं पीक चांगलं आलेलं असताना कापणीला हात उरले नाहीत. धडधाकट माणसं भट्टीवर आणि धरणांच्या कामावर, शेतात बायका, म्हातारे आणि पोरं. रताळी जमिनीतच सडली, भात उभं झडलं. दोन, घरात कढई उरली नाही. म्हणजे सामाईक भोजनालयाशिवाय जेवणाची दुसरी सोयच संपली. हे दुसरं जास्त महाग पडलं.

आता आकडे. धान्याचं खरं उत्पादन, पुढे सुधारून छापलेलं: १९५७ – १९.५ कोटी टन, १९५८ – २० कोटी, १९५९ – १७ कोटी, १९६० – १४.३५ कोटी. १९५८ला जाहीर मात्र केलं ३७.५ कोटी.

या फुगवट्यावर पुढचे निर्णय झाले. धान्य जास्तच झालंय या समजुतीने १९५९ला धान्याखालचं क्षेत्र १२.८ कोटी हेक्टरवरून ११.६ कोटीवर आणलं. माओंनी ऑगस्ट १९५८मध्ये शूश्वी तालुक्याला भेट दिली तेव्हा, एवढ्या धान्याचं करणार काय, असं विचारल्याची नोंद आहे. थट्टा नव्हती ती. १९५९ला ४० लाख टनांवर धान्य निर्यात झालं.

आणि लेव्ही, म्हणजे सरकारने सक्तीने उचललेलं धान्य. गावपातळीवर गणित असं चालतं. समजा गावात खरं पीक १०० टन. वरच्या दबावाने ३०० टन कळवलं. सरकार म्हणालं, आम्ही फक्त तिसरा हिस्सा घेतो. झाले १०० टन. खायला शून्य, बियाण्याला शून्य, बैलाला शून्य. कागदावर गावात २०० टन शिल्लक आहे, म्हणजे लोकांनी ते लपवलंय, म्हणून झडती. १९५९ला देशभरची उचल ६.७४ कोटी टन, म्हणजे १७ कोटींच्या सुमारे ४० टक्के. त्यातलं काही गावांना परत विकलं, पण गेलेलं धान्य त्याच गावात आणि वेळेवर परत येत नाही.

हनानच्या शिनयांग भागात १९५९-६०च्या हिवाळ्यात ८० लाखांपैकी सुमारे १० लाख माणसं मेली. सरकारी कोठारांत तेव्हा धान्य होतं. रस्त्यांवर पहारे बसवले होते, बाहेर जाणारी पत्रं टपालातच अडवली होती.

---

चिवचिव

आणि चिमण्या राहिल्याच की! चार उपद्रवी जीव मारायची मोहीम, उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. थाळ्या-पातेली बडवून चिमण्यांना बसू द्यायचं नाही, दमून पडेपर्यंत. मग टोळ आले आणि दुष्काळ पडला.

---

काळी माती

चिवचिवताई, मोहीम खरी आहे. प्राणिशास्त्रज्ञ जंग त्सुओशिन यांनी चिमण्यांची पोटं फाडून तपासली आणि पिल्लांच्या दिवसांत त्यांचं खाणं मुख्यतः किडे असतात हे दाखवलं, हेही खरं. १९६०मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. पण 'चिमण्या मारल्या म्हणून दुष्काळ पडला' ही गोष्ट सांगायला सोपी आहे म्हणून फिरते. किडीने काही भागांत नुकसान वाढवलं असेल. जमाखर्च यांनी दिलेल्या उचलीच्या आकड्यांपुढे ते किरकोळ आहे. मला तर ही गोष्ट थोडी सोयीस्करच वाटते. चिमणीवर बोललं की लेव्हीवर बोलावं लागत नाही.

---

शंकेखोर

आता माझा आक्षेप. तुमचं सगळं तांत्रिक वर्णन मान्य. पण त्यातून 'मोठी स्वप्नं नकोत' असं निघतं का? १९४३च्या बंगालमध्ये कुठलंही नंदनवन उभारायचं नव्हतं. युद्ध, भाववाढ आणि बेपर्वा साम्राज्य एवढ्यावर २०-३० लाख लोक मेले. आणि अमर्त्य सेन व ज्याँ द्रेझ यांनीच दाखवलंय की स्वतंत्र भारतात दुष्काळी मृत्यू नसले, तरी रोजच्या कुपोषणाने आणि आजाराने चीनपेक्षा इतके जास्त लोक मरत होते की दर आठेक वर्षांनी 'मोठ्या झेपे'एवढी बेरीज होई. त्याच चीनने गावपातळीवर दवाखाने आणि शाळा नेल्या, त्याही स्वप्न पाहूनच. स्वप्न न पाहण्याचीही किंमत असते, ती कुणी मोजत नाही.

---

मोजमाप

आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच धाग्यात 'स्वप्न' हा आरोपी धरलेला नाही. सेन यांचा दुसरा निम्मा मुद्दाही घ्या: मोकळी वर्तमानपत्रं आणि निवडणुका असल्या की भूकबळीची बातमी दडपता येत नाही. पण एकाएकी येणाऱ्या भुकेवर जशी ओरड होते तशी रोजच्या कुपोषणावर होत नाही. दोन्ही देशांत जे मोजलं गेलं आणि ज्यावर ओरड झाली तेवढंच सुधारलं.

मला १९५९ची लूशानची पक्षबैठक महत्त्वाची वाटते. त्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत वरच्यांना अंदाज आला होता. गावांतून खबर येत होती, माओ स्वतः आकडे फुगवू नका असं सांगू लागले होते. दुरुस्ती होऊ शकली असती. संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी १४ जुलैला माओंना खासगी पत्र लिहिलं. भाषा मवाळ, झेपेचं कौतुकही होतं, पण आकडे खोटे आहेत आणि भट्ट्यांत नुकसान झालं आहे हे मांडलं. माओंनी ते पत्र छापून बैठकीत वाटलं आणि पंग यांना पक्षविरोधी ठरवलं. मंत्रिपद गेलं. मग खालपर्यंत मोहीम निघाली आणि लाखो कार्यकर्त्यांवर 'उजवा' शिक्का बसला. त्यानंतर कोणता तालुका-सचिव 'माझ्याकडे धान्य नाही' असं लिहील? सर्वांत जास्त मृत्यू याच्यानंतरचे आहेत, १९६०चे.

म्हणून माझं म्हणणं असं. कुठल्याही समाजबदलाच्या आराखड्यात ध्येय किती उंच आहे हे नंतर बघा. आधी बघा की माप कोण घेतो आणि कमी भरलं असं सांगितल्यावर त्याचं काय होतं. ज्याचं पद योजना यशस्वी दिसण्यावर आहे त्याच्याच हातात काटा असेल, तर योजना कितीही चांगली असो, दोन हंगामांत तिचे आकडे खोटे होतात.

---

नागपूरकर

महाराष्ट्राचा धागा जोडतो, कारण तो खरोखर जुळतो. १९५६मध्ये भारत सरकारने चीनमधली सहकारी शेती पाहायला शिष्टमंडळ पाठवलं होतं. त्याचे प्रमुख नागपूरचे रा. कृ. पाटील, आयसीएस सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, पुढे नियोजन आयोगावर असलेले. अहवाल १९५७ला आला, सूर अनुकूल होता, मात्र दोन सदस्यांनी वेगळं मत मांडणारी टिपणी जोडली. जानेवारी १९५९मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला: तीन वर्षांत गावोगाव सेवा सहकारी संस्था, पुढे संयुक्त शेती, मालकी मात्र शेतकऱ्याची. म्हणजे चीनच्या काही भागांत भूक सुरू होत असताना इथे टाळ्या पडत होत्या.

आणि मग काय झालं? चरणसिंग अधिवेशनातच विरोधात बोलले. शेतकरी नेते एन. जी. रंगा काँग्रेस सोडून गेले. त्याच वर्षी 'स्वतंत्र' नावाचा पक्ष निघाला. ठराव मागे घेतला नाही, पण तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत तो प्रायोगिक संस्थांपुरता उरला. १९६५ला धनंजयराव गाडगीळांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा अनेक संस्था नावापुरत्या आणि अनुदानासाठी काढलेल्या निघाल्या. पैसा वाया गेला खरा, पण कुणी उपाशी मेलं नाही. सक्ती नव्हती, एवढ्याने फरक पडतो.

---

पाणलोट

नागपूरकर, चांगली आठवण. शंकेखोर यांना उत्तर म्हणून रोजगार हमीचा दाखला देतो. 'मागेल त्याला काम' हे काही छोटं स्वप्न नाही, जगात तेव्हा असा कायदा फारसा कुठे नव्हता.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ते १९६५मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात आधी करून पाहिलं. १९७२-७३च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसं कामावर होती. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. पैसा मुंबईसारख्या शहरांतून व्यवसायकरातून आला.

तेव्हाची यंत्रणा बघा. काम काढायचं की नाही हे मंत्रालय ठरवत नसे, मागणीचा अर्ज ठरवत असे. पन्नास मजूर जमले आणि मागणी केली की पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. मजुरी हजेरीवर नाही, मापावर. मातीकाम करताना खड्ड्याच्या मधे मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट तसाच सोडतात. टेप लावला की किती खोल गेलं ते मजुरालाही दिसतं, मुकादमालाही आणि शाखा अभियंत्यालाही. खर्चातला निदान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा, म्हणजे यंत्र लावून बिल काढायला अटकाव. आणि वर बसलेल्याला 'आमच्या तालुक्यात भूक नाही' असं कळवायची सोय नव्हती, कारण भुकेला माणूस अर्ज घेऊन दारात उभा असे.

बिघडलं कुठे तेही लिहितो. हजेरीपटावर मेलेल्यांची आणि परगावच्यांची नावं, मोजमाप पुस्तकात वाढीव घनमीटर, पगार महिनामहिना रखडलेला. भत्ता दिवसाला एक रुपया एवढा तुटपुंजा, आणि तोही जवळजवळ कुणाला मिळाला नाही, कारण तो देणं म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःची कसूर लिहून देणं. मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले, कोर्टात गेल्या, तेव्हा काही सुधारलं. खडी फोडण्याची निरर्थक कामंही पुष्कळ झाली.

---

शंकेखोर

म्हणजे चोरी इथेही होतीच.

---

पाणलोट

होतीच. फरक इतका की इथे जास्त दाखवून पैसे खाल्ले, माणसाच्या ताटातलं धान्य उचललं नाही. आणि चोरी सापडली की तहसीलदारावर विधानसभेत प्रश्न लागायचा. साखर कारखान्यांचंही तेच. प्रवरानगरला १९५०च्या दशकापासून शेत ज्याचं त्याचं, सामाईक फक्त गाळप. काटामारीची ओरड दर हंगामात असते. शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून आणतो आणि भांडतो. कम्यूनमध्ये बाहेरचा काटाच नव्हता.

---

जमाखर्च

भोजनालयाबद्दल दोन ओळी, कारण वर अर्धवट राहिलं. १९५८च्या शरदात 'पोटभर खा, पैसे नाहीत' अशी सुरुवात. किती खाल्लं आणि वर्षाचा साठा किती, हा हिशेब घरची बाई रोज करते. तो हिशेब तिच्याकडून काढून घेतला आणि दुसऱ्या कुणाकडेही दिला नाही. बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांत कोठी रिकामी. मग पळी ज्याच्या हातात त्याची सत्ता. जवळच्यांना तळातलं घट्ट, बाकीच्यांना वरचं पाणी. कामाला न आलेल्याला, उलट बोललेल्याला जेवण बंद. घरच्या छपरातून धूर दिसला तर झडती. भोजनालयं १९६१च्या उन्हाळ्यात ऐच्छिक झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक मिटली. जानेवारी १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष ल्यू शावछी यांनी सात हजार कार्यकर्त्यांपुढे हुनानच्या शेतकऱ्यांचं बोलणं सांगितलं: या संकटात तीन वाटे निसर्गाचे, सात वाटे माणसाचे. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांचे हाल झाले.

---

चिवचिव

आन्हुईतल्या त्या अठरा शेतकऱ्यांच्या गुप्त कराराबद्दल कुणी लिहिलं नाही. १९७८, श्यावगांग. सरकारचा कोटा भरायचा, उरलेलं ज्याचं त्याचं. पुढच्याच वर्षी ६६ टन धान्य झालं आणि पुढे कम्यून मोडीत निघाली असं वाचलंय.

---

जमाखर्च

करार खरा आहे आणि धोका पत्करूनच केला होता. एखादा तुरुंगात गेला तर त्याची मुलं बाकीचे वाढवतील असंही त्यात लिहिलं होतं. ते ज्या फंगयांग तालुक्यात आहे तिथे झेपेच्या काळात फार माणसं मेली होती. आन्हुईत १९६१लाच 'जबाबदारीची शेतं' नावाने असाच प्रयोग चालला होता, तो दुसऱ्या वर्षी बंद पाडला. म्हणजे अठरा जणांनी नवं काही शोधलं नव्हतं.

६६ टनांचा आकडा मात्र जपून वापरा. सरकारला घातलेला कोटा वजन करूनच घेतात. उरलेलं धान्य घरोघर गेलं. त्याची बेरीज कुणी आणि कशी केली ते आधी विचारा, कारण १९७९नंतर बेजिंगला त्या गावातून मोठाच आकडा हवा होता.